ओकिनी मावशीची साक्ष

माझी ओकिनी मावशी जन्मभर अबोल होती असं हल्लीची पोरं समजतात. साफ खोटं. मावशीच्या तोंडाला पूर्वी खळ नव्हता. सकाळी चूल पेटली की ती सुरू व्हायची. लाकूड ओलं आहे, पिठात किडे आहेत, सरकारी कोठीवाला वजनात मारतो, शेजारणीची कुत्री चोरटी आहे. ऐकून ऐकून आमचे कान किटायचे. ती गप्प झाली ती पुढे, आणि का झाली ते सांगणारी आता मी एकटीच उरले आहे. मलाही सांगायचा कंटाळा येतो. पण परवा कोणीतरी तिला भित्री म्हणालं, तेव्हा म्हटलं, एकदा सांगून टाकावं.

ती माझ्या आईची धाकटी बहीण. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, म्हणजे तिची मुलगी निपीसी माझी सख्खी बहीणच झाली. निपीसीला नवरा मिळाला साकास्ते. नदीच्या वरच्या अंगाच्या लोकांतला, बुटका, रुंद खांद्यांचा, आवाज घोगरा. गाणं म्हणायला लागला की कुत्री रडायची. माणूस मात्र लाखात एक. लग्न झाल्यावर आमच्याच तंबूशेजारी राहिला आणि आमच्यासाठी शिकार करू लागला.

आता सासू-जावयाचं. आम्हा नेहियाव लोकांत, ज्यांना गोरे क्री म्हणतात, सासूने आणि जावयाने एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं नाही, एकमेकांशी बोलायचं नाही. भांडण म्हणून नव्हे, मान म्हणून. जितका जास्त मान, तितकी नजर खाली. जावई आत आला की सासू शाल ओढून पाठ फिरवते, आणि सासू समोरून आली की जावई वाट सोडून झुडपात शिरतो. बाहेरच्यांना यात हसण्यासारखं काय वाटतं, मला कळत नाही. त्यांच्यात तोंडावर गोड बोलून पाठीत सुरी खुपसतात, त्यापेक्षा हे बरं.

पण मावशीसारखी बोलघेवडी बाई गप्प कशी बसणार? तिने वाट काढली. साकास्तेचा एक काळा कुत्रा होता, मास्कोस. मावशी त्याच्याशी बोलायची.

"मास्कोस, तुझ्या धन्याला म्हणावं, लाकडं फोडतोस की कुरवाळतोस? एवढाल्या ढलप्या माझ्या चुलीत जायच्या कशा?"

तंबूच्या मागून घोगरा आवाज यायचा, "मास्कोस, त्यांना सांग, चूलच लहान मांडलीय, त्याला मी काय करू?"

"सांग त्याला, चूल माझ्या आईने मांडायला शिकवलीय. तिचा अपमान करतोस?"

"त्यांना सांग, आजीसाहेबांना माझा नमस्कार. आणखी बारीक फोडतो."

कुत्रं बिचारं या आवाजाकडून त्या आवाजाकडे मान फिरवत बसायचं. मी साकास्तेची मेव्हणी, मला त्याची टिंगल करायची पूर्ण मुभा. मी म्हणायची, "दाजी, कुत्रं तुमच्यापेक्षा शहाणं आहे. ते दोघांचंही ऐकत नाही." तो हसायचा आणि पुन्हा कुऱ्हाड उचलायचा. दोन घाव घालायचे आणि खाकरायचं, दोन घाव घालायचे आणि खाकरायचं, अशी त्याची पद्धत. सगळ्या वस्तीला ती पाठ होती.

मग ते वाईट वर्ष आलं. गवे केव्हाच संपले होते. सरकारने आम्हाला जमिनीचा एक तुकडा आखून दिला होता आणि म्हटलं होतं, इथे शेती करा. पीठ आणि खारवलेलं मांस कोठीतून मिळायचं, तेही काम केलं तर. कोठीवाल्याला आम्ही लांबमान्या म्हणायचो. तो बायकांना बर्फात तिष्ठत ठेवायचा आणि आतून शेगडीजवळ बसून खिडकीतून बघायचा. त्या हिवाळ्यात म्हातारी माणसं पटापट गेली. पुरायला जमीन खणता येत नव्हती, म्हणून प्रेतं झाडांवर बांधून ठेवली. आमच्या मुखियाने सरकारकडे किती फेऱ्या मारल्या त्याला गणती नाही. दर वेळी उत्तर एकच, काम करा. उपाशी माणसाने काम काय करायचं?

दक्षिणेकडून बातमी आली की मेती लोकांनी, म्हणजे आमच्या मिश्र रक्ताच्या भावंडांनी, लालकोटी पोलिसांना लढाईत पळवून लावलं. आमची तरणी पोरं पेटली. मुखिया म्हणत होता थांबा, थांबा. पण पोट रिकामं असलं की कान काम करत नाहीत. बर्फ वितळायच्या आधीच, एका दुपारी त्यांनी कोठी फोडली. लांबमान्याने बंदूक काढली. पोरांनीही काढल्या. लांबमान्या दारातच मेला.

त्या वेळी साकास्ते तिथे नव्हता. माझी मावशी उकळत्या पाण्याने पाय भाजल्यामुळे तंबूत पडून होती. निपीसी आणि मी सशांचे फासे बघायला ओढ्याकडे गेलो होतो. साकास्ते तंबूमागे लाकडं फोडत होता. बार ऐकू आले तशी कुऱ्हाड थांबली. मावशीला त्याचा आवाज आला, "मास्कोस, त्यांना सांग, आतच बसा. मी दारात आहे." आणि आम्ही परत येईपर्यंत तो कुऱ्हाड घेऊन दाराकडे पाठ करून उभा राहिला. आम्ही आलो तेव्हा त्याच्या मिशांवर बर्फ साठला होता. आत आला नव्हता, कारण आत मावशी एकटी होती.

पुढचं सगळे सांगतात, मी थोडक्यात सांगते. पलटण आली, आम्ही उत्तरेला पळालो. दलदल, डास, पाऊस. दिवसा चालायचं, आणि तोफेचा आवाज आला की आणखी चालायचं. निपीसीच्या पोटातलं पोर तिथेच गेलं. मास्कोसला आम्ही खाल्लं. सांगायची गोष्ट नाही, पण खाल्लं. कापताना साकास्तेने तोंड फिरवलं होतं आणि मावशीने आपला वाटा निपीसीला दिला. त्यानंतर ती दोघं पातेल्याशी बोलायला लागली. "पातेल्या, त्याला सांग, पायाला चरबी लाव, फोड आलेत." "पातेल्या, त्यांना सांग, चरबी त्यांनी खावी." या बोलण्याला कोणी हसायचं नाही. हसायला बळ लागतं.

उन्हाळा भरात असताना आम्ही शरण गेलो. पुरुषांनी बंदुका गवतावर ठेवल्या आणि ओळीत उभे राहिले. एक गोरा गाडीवान होता. कोठी फुटली तेव्हा तो गवताच्या गंजीत लपून बसला होता. तो ओळीसमोरून फिरला आणि त्याने साकास्तेकडे बोट केलं. म्हणाला, बंदूक घेऊन आत शिरणाऱ्यांत हा बुटका होता. बुटका होता खरा, पण दुसराच. तो कुणाचा कोण ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तो तर केव्हाच सीमा ओलांडून गेला होता. गाडीवानाला आम्ही सगळे सारखेच दिसत असणार.

पानं पिवळी झाली तेव्हा खटला उभा राहिला. नदीकाठच्या गावात, लाकडी कचेरीत. मेती दुभाषा नॉर्बेर होता, तो आईकडून आमच्यातलाच. त्याने आम्हाला समजावून सांगितलं, "गुन्हा शाबित झाला तर दगडी तुरुंग. तिथून आपली माणसं परत येत नाहीत, आली तरी रक्त ओकत येतात. तेव्हा साक्ष नीट द्या. तो त्या वेळी कुठे होता ते कोणाला माहीत आहे?"

निपीसी म्हणाली, "मी सांगते."

"तू त्याची बायको. बायकोची साक्ष चालत नाही म्हणे. शिवाय तू तर ओढ्यावर होतीस."

मग सगळ्यांनी मावशीकडे पाहिलं. मावशी शालीचं टोक चावत बसली होती.

"मी सांगेन," ती म्हणाली. "त्यात काय? मला माहीत आहे ते मी सांगेन."

तिच्या भाजलेल्या पायाची जखम दलदलीत चिघळली होती. लंगडत लंगडत, माझा खांदा धरून ती कचेरीत आली. समोर पंच बसले होते, सगळे आसपासचे वसाहतवाले, कोणी शेतकरी, कोणी दुकानदार. त्यांच्या घरांनाही त्या वसंतात भीतीचे दिवस आले होते, ते मी नाकारत नाही. एका बाजूला साकास्ते, हातांत बेड्या. सरकारनेच दिलेल्या त्याच्या वकिलाने त्याला शिकवून ठेवलं होतं, ताठ बस, पंचांच्या डोळ्यांत बघ, खाली बघू नकोस, खाली बघणारा गोऱ्यांना चोर वाटतो. दाजी बिचारे ताठ बसले होते. अनोळखी माणसांच्या डोळ्यांत टक लावून बघणं आमच्यात उद्धटपणाचं, पण त्यांनी ते करून दाखवलं.

मावशी उभी राहिली ती साकास्तेकडे पाठ करून, शाल नाकापर्यंत ओढून. वकिलाने विचारलं आणि तिने सांगितलं, तंबूमागे होता, लाकडं फोडत होता, मग दारात उभा राहिला.

मग सरकारचा वकील उठला. "तू त्याला पाहिलंस?"

"नाही."

"मग तुला काय ठाऊक?"

"कुऱ्हाड ऐकू येत होती."

"कुऱ्हाड कोणीही चालवतो, बाई."

"चालवेल की. पण खाकरेल कोण? दोन घाव की खाकरतो तो. विचारा कोणालाही."

मागे जमिनीवर बसलेली आमची माणसं हसली. मलाही हसू आलं. एक क्षण वाटलं, मावशी जिंकणार. पंच मात्र हसले नाहीत.

"हा तुझा जावई. किती वर्षं एकत्र राहता?"

"लग्न झाल्यापासून."

"आणि तू म्हणतेस, त्या दिवशी त्याला पाहिलं नाहीस?"

"कधीच पाहिलं नाही. तोंड कशाला बघू मी त्याचं?"

वकील पंचांकडे वळला आणि त्याने नुसते हात पसरले. नॉर्बेर घाईघाईने सांगायला लागला की साहेब, यांच्यात अशी रीत आहे. न्यायाधीशाने त्याला अडवलं. "तू बाईचे शब्द तेवढे सांग. तुझं मत नको."

मग न्यायाधीश मावशीला म्हणाला, चिडून नव्हे, दमलेल्या माणसासारखा, "बाई, ज्याच्याबद्दल बोलतेस तो हाच की दुसरा कोणी, हे आम्हाला कळलं पाहिजे. वळ, त्याच्याकडे बघ आणि सांग. बघणार नसशील तर तुझी साक्ष धरता येणार नाही."

नॉर्बेरने ते हळू आवाजात आमच्या भाषेत सांगितलं. सांगताना त्याने स्वतः मान खाली घातली होती.

शाल धरलेली मावशीची बोटं मला दिसत होती. आमच्या म्हाताऱ्या बायकांनी शाली तोंडावर ओढल्या. मला ओरडावंसं वाटलं, कर मावशी, कर, कोण काय म्हणतंय ते मी बघून घेते. आणि तिने केलं. ती वळली. शाल खाली घेतली. उघड्या तोंडाने, भरल्या कचेरीत, माझ्या मावशीने जावयाकडे सरळ पाहिलं. "हाच," ती म्हणाली. "हाच माझ्या दारात उभा होता."

पण तिच्याकडे लक्ष कोणाचं होतं? सगळे साकास्तेकडे बघत होते. तिची शाल खाली आली मात्र, साकास्तेने बेड्यांसकट दोन्ही हात उचलून तोंड झाकलं आणि तो भिंतीकडे वळला.

दुसरं काय करणार होता तो? समोर सासू उघड्या तोंडाने उभी. ती आपल्यासाठी एवढी खाली उतरली, तर आपण तिची लाज राखायला नको? त्याने राखली. चांगल्या घरच्या मुलाने जे करावं तेच त्याने केलं. आणि पंचांना दिसलं ते असं, की साक्षीदार बाई समोर आली आणि चोराने तोंड लपवलं.

मी ओरडले, "दाजी, बघा! बघा तिच्याकडे! तुमच्या पाया पडते, हात काढा!" एका लालकोट्याने दंडाला धरून मला बाहेर ओढलं. दारातून शेवटचं दिसलं ते हे, की पंचांतला एक पिकल्या दाढीचा दुकानदार शेजाऱ्याकडे बघून मान हलवत होता. दुष्ट माणूस नव्हता तो. त्याची खात्री पटली होती, एवढंच.

तीन वर्षांची शिक्षा झाली. नॉर्बेरने नंतर मला सांगितलं, काही सांगायचंय का असं विचारलं तेव्हा साकास्ते भिंतीशीच बोलला. "इथे एक म्हातारी बाई आहे. तिचा पाय दुखतो. तिला चालत पाठवू नका."

त्यामुळे आम्हाला गाडा मिळाला. वाटेत मावशी म्हणाली, "मी त्याला लाजवलं."

"तू त्याला सोडवत होतीस."

"चारचौघांत लाजवलं मी त्याला. त्याचा बाप काय म्हणेल?"

"मावशी, दाजींनी बघायला हवं होतं. एकदा बघितलं असतं तर सुटले असते."

"कसं बघणार?" ती माझ्यावरच खेकसली. "तुला काही रीतभात आहे की नाही? कसं बघणार तो?"

वस्तीवर परत आल्यावर मावशीने आपल्याजवळ होतं नव्हतं ते म्हाताऱ्या बायकांना वाटून टाकलं. पातेलं, मण्यांचं काम केलेले जोडे, ब्लँकेट. लाज धुवायची आमच्यात हीच रीत. बायकांनी ते घेतलं, तिला कोणी काही बोललं नाही. तरी ती गप्पच झाली. सरकारने बंडखोरांची वस्ती म्हणून आमचे घोडे काढून नेले. वस्तीबाहेर पाऊल टाकायला साहेबाची चिठ्ठी लागू लागली. पीठ पहिल्याइतकंच वाईट होतं. मावशी ते मळायची, पण त्याला नावं ठेवायची नाही. निपीसी पुढच्याच्या पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाला, जमीन गोठायच्या आधीच, छातीच्या दुखण्याने गेली. तिला पुरून आलो तेव्हा लाकडं मीच फोडली.

आणि त्यानंतर साकास्ते आला. त्यांनी त्याला मुदतीआधीच सोडलं, कारण तुरुंगात मेला असता तर त्यांनाच त्याला पुरावं लागलं असतं. आम्ही तेव्हा लाकडी खोलीत राहायचो. मी भाकरी भाजत होते. दार उघडलं तर दारात हाडांचा सापळा उभा, केस कानापर्यंत कापलेले. आमच्यात माणूस मेल्यावर केस कापतात. मला वाटलं, निपीसीसाठीच कापले असतील. तसं नव्हतं, ते तुरुंगात सगळ्यांचेच कापायचे. निपीसीचं त्याला वाटेतच कळलं होतं.

मावशीने चटकन शाल ओढली आणि भिंतीकडे तोंड केलं. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, निदान एवढं तरी जागच्या जागी आहे. आता दाजीही पाठ फिरवून बसतील आणि खोकत खोकत चुलीला काहीतरी सांगतील.

साकास्ते बाकावर बसला, मावशीच्या समोर. त्याने तिच्याकडे पाहिलं. बघतच राहिला.

"तोंड का झाकतेस?" त्याने विचारलं.

"दाजी!" मी म्हटलं. "अहो, काय करताय?"

तो माझ्याकडे वळला. तीच नजर, सरळ डोळ्यांत. "तिथे मान वर करून बघावं लागतं," तो म्हणाला. "खाली बघितलं की भाकरी बंद. दुसऱ्यांदा बघितलं की अंधारकोठडी." मग पुन्हा मावशीकडे वळून म्हणाला, "पाणी दे."

त्याला त्यात काही वावगं वाटतच नव्हतं. मी उठायला लागले.

"बस तू," मावशी म्हणाली. तिने शाल खांद्यावर घेतली, बादलीतून पाणी काढलं आणि त्याच्यासमोर धरलं. पिताना तो भांड्याच्या काठावरून तिच्याकडे बघत होता. तिनेही नजर वळवली नाही. आजारी माणसाचं करायचं तर तोंड झाकून कसं जमणार?

तो बर्फ वितळून बदकं परत येईपर्यंत जगला. मावशीने त्याचं सगळं केलं. भरवलं, पुसलं, रक्ताची फडकी धुतली. दोघं एकमेकांशी सरळ बोलायची, दोन परकी माणसं बोलतात तशी. वारा आहे, दार लाव. दुखतंय? हो. आणखी हवंय? नको. मला ते ऐकवायचं नाही, मी बाहेर लाकडं फोडत बसायची.

त्याला पुरून आलो त्या दिवशी मावशी चुलीपुढे बसली. मी चहा केला, तिने घेतला नाही. कितीतरी वेळाने तिने शाल कपाळावरून पुढे ओढली, नाकापर्यंत.

"चेहरा चांगला होता गं पोराचा," ती म्हणाली. "पण मला तो दिसायला नको होता."